कोसारीचं शून्य

ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा प्रणिता खिरटकर चंद्रपूरच्या कार्यालयात सकाळचा चहा घेत होती. अकरा दिवसांतला हा चौथा फोन. थोरल्या बहिणीनं चारही वेळा तेच विचारलं होतं, तुझं यंत्र बरोबर दाखवते ना? प्रणितानं टॅबलेटवर कोसारी गाव उघडून पाहिलं. अकराच्या अकरा ठिपके हिरवे होते. अंगणवाडीशेजारच्या सात नंबरच्या पेटीवर आकडा होता पाच, आणि धोक्याची रेषा तीसवर.

"पाच आहे ताई. एकदम चांगलं आहे. तुझं डोकं दुखते ते बीपीचं असंल. गोळी घेतली का?"

घेतली, असं ज्योत्स्ना म्हणाली. मग म्हणाली की पोरंही आजकाल सुस्त असतात, खिचडी समोर ठेवली तरी पेंगतात. थंडीनं होत असेल, असं स्वतःच म्हणून तिनं फोन ठेवला.

प्रणितानं चहा संपवला खरा, पण तो कसा लागला ते तिला कळलं नाही. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा ठिपके पाहिले. हिरवे.

कोसारी गाव जुन्या भूमिगत कोळसाखाणीच्या डोक्यावर वसलेलं होतं. खाण बंद होऊन पंधरा वर्षं झाली तरी खाली उरलेला कोळसा हवा लागली की आपोआप तापतो, धुमसतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि माणसाला आधी डोकेदुखी, मग झोप, मग काहीच जाणवत नाही. म्हणून खाणपट्ट्यातल्या गावांत वायू मोजणाऱ्या पेट्या बसवल्या गेल्या. कोसारीतल्या अकराही पेट्या प्रणितानं बसवल्या होत्या. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंटचा कोर्स करून निघालेली, चव्वेचाळीस वर्षांची प्रणिता या पट्ट्यातली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ होती.

पेटीच्या आत एक नळी असते. नळीच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा. गावची हवा नळीतून जाते. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो थोडे किरण गिळतो, डोळ्यापर्यंत कमी पोचतात, आणि किती कमी पोचले त्यावरून आकडा निघतो. अडचण एवढीच की दिवाही म्हातारा होतो. त्याचा उजेड मंदावला तरी डोळ्याला कमीच दिसतं आणि यंत्र नसलेला वायू दाखवू लागतं. म्हणून त्याला अधूनमधून शून्य शिकवावं लागतं. सिलिंडरमधला शुद्ध नायट्रोजन नळीत सोडायचा आणि यंत्राला सांगायचं, बाबा रे, हे शून्य. इथून मोज.

पहिली चार वर्षं हे काम प्रणिता हातानं करायची. मग सगळं दुरून चालवायचं ठरलं. तिनंच प्रत्येक पेटीच्या टर्मिनलपट्टीवर नव्या वायरी ओढल्या. काही वायरी बाहेर खबर नेणाऱ्या: यंत्र ठीक आहे, यंत्र बिघडलं आहे, आता शून्य लावणं चालू आहे. काही वायरी बाहेरून हुकूम आणणाऱ्या: शून्य लाव, मर्यादा तपास. नागपूरच्या केंद्रातला 'दक्ष' नावाचा प्रोग्राम खबर वाचायचा आणि हुकूम सोडायचा. चौकातला मोठा बोर्ड आणि भोंगा दोन्ही दक्षच्या आकड्यावर चालायचे.

राहिला होता नायट्रोजन. पट्ट्यातली सगळी गावं, शेकडो सिलिंडर, चिखलातून वाहून न्यायचे. तेव्हा प्रणितानंच सुचवलं होतं की सिलिंडर कशाला हवा? खांबावर बारा फूट उंच नळी लावू, तिथली मोकळी हवा घेऊ. पहाटे सहाला, चुली आणि गाड्या सुरू व्हायच्या आधी, ती हवा शुद्धच असते. तिलाच शून्य धरू. साहेब लोकांना ती कल्पना इतकी आवडली की बैठकीत तिला उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी पेढे घेऊन ती थेट ज्योत्स्नाकडे गेली होती.

आता ती खिडकीपाशी उभी असताना तिला काहीतरी टोचत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. पोरं पेंगतात. डोकं दुखतं. आकडा पाच.

तिनं टॅबलेटवरचा असा एक रकाना उघडला जो सहसा कोणी उघडत नसे. दक्षनं रोज पहाटे शून्य लावताना यंत्राला किती दुरुस्त केलं, त्याची नोंद. सात नंबरवर नोव्हेंबरमध्ये रोजची दुरुस्ती एक किंवा दोन होती. डिसेंबरात चार, पाच, सहा. दिशा कायम एकच, खाली. दक्षनं शेजारी कारण लिहिलं होतं, 'दिवा जुना होत आहे'. प्रणितानं बेरीज केली. सहा आठवड्यांत यंत्राचं शून्य सत्त्याण्णवनं सरकलं होतं.

दिवा जुना होत असेलही. पण दोन नंबरच्या पेटीतला दिवा तिनं दिवाळीनंतर स्वतःच्या हातानं नवा बसवला होता. तिनं दोन नंबर उघडला. तिथेही तशीच चढण. मग तिनं अकराही पेट्या पाहिल्या. अकरा वेगवेगळ्या वयांचे दिवे एकाच चालीनं म्हातारे होत होते, आणि तेही थंडी सुरू झाल्यापासून.

थंडीत पहाटे जड हवा खोलगट गावात तुंबून बसते. खालून येणारा वायू तिच्यात साठतो. खांबावरच्या नळीत तीच हवा शिरते आणि दक्ष यंत्राला सांगतो, हे शून्य.

तिनं नागपूरला कल्याणी निखाडेंना फोन लावला. निखाडे मॅडम तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि मनानं वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"प्रणिताताई, अकराही यंत्रं एकदम चुकतायत असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"यंत्रं नाही चुकत मॅडम. आपण त्यांना रोज सकाळी चुकायला शिकवतोय."

मॅडमनी नियम सांगितला. लेखी तक्रार द्या, मी आजच वर पाठवते. तांत्रिक समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. दक्षला विचारून पाहिलं तर तो नव्व्याण्णव टक्के खात्रीनं दिव्याचंच कारण देतोय. तोवर पेटीचं सील तोडू नका, तो फौजदारी गुन्हा आहे, तुम्हाला माहीत आहे. शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

पुढचा गुरुवार नऊ दिवसांवर होता.

प्रणितानं तक्रार लिहिली, पाठवली आणि भांडारात गेली. मागच्या कोपऱ्यात नायट्रोजनचा एकच छोटा सिलिंडर उरला होता. कोणी वापरत नाही म्हणून त्यावर धूळ बसली होती. तिनं तो ओढत बाहेर आणला, स्कूटरवर पायांपाशी उभा करून ओढणीनं बांधला आणि निघाली. वाटेत दोनदा थांबून तिनं तो नीट बसला आहे का ते पाहिलं. खरं तर दोन्ही वेळा तिला परत फिरायचं होतं.

गावाच्या तोंडाशी दिवाकरभाऊजी भेटले. ज्योत्स्नाचा नवरा, खाणीत वीस वर्षं काढलेला माणूस. सिलिंडर पाहून ते स्वतःच बोलू लागले. वायूला वास नसला तरी तापलेल्या कोळशाला असतो. आधी घामासारखा, मग रॉकेलसारखा. तो वास आपल्याला पंधरा दिवसांपासून पहाटे येतोय, असं त्यांनी सांगितलं. घरात बोललो तर तुझी बहीण म्हणते बोर्ड पाहा. आता मी बोलणंच सोडलं आहे.

त्यात प्रणितासाठी टोमणा नव्हता, तरी तो लागला. दोन वर्षांपूर्वी गाव हलवायचं का, यावर ग्रामसभा भरली होती. दिवाकरभाऊजी आणि खाणीतली जुनी माणसं हलू म्हणत होती. तेव्हा ज्योत्स्ना उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या बहिणीनं यंत्र बसवलं आहे, ते चार दाखवतंय, नाकाचं ऐकून कोणी गाव सोडतं का? ठराव पडला. त्या दिवसापासून नवराबायकोत एक गाठ बसली होती ती बसलीच.

अंगणवाडीच्या दारात ज्योत्स्ना उभी होती. गाल लालसर दिसत होते. आत बावीस पोरं सतरंजीवर बसली होती, आणि साडेअकराच्या सुमाराला अंगणवाडीत जो गलका असायला हवा तो नव्हता. भिंतीला टेकून आर्वी नावाची चार वर्षांची मुलगी झोपली होती.

"तू काहून आली वो अशी अचानक?" ज्योत्स्नानं विचारलं.

पोरांना आधी बाहेर काढ, असं सांगून प्रणिता पेटीकडे वळली. ज्योत्स्नानं मान वर करून चौकातल्या बोर्डाकडे पाहिलं. सहा. ती हलली नाही. बाहेर गारठा आहे, पोरं आजारी पडतील, आधी काय झालं ते सांग, असं म्हणून ती मागोमाग आली.

पेटीला केंद्राचं सील होतं. प्रणितानं पक्कड लावून ते तोडलं. टर्मिनलपट्टीवर तिनंच लिहिलेली लेबलं होती, तिच्याच अक्षरात. शून्याचा हुकूम आणणाऱ्या दोन वायरी तिनं सोडवल्या आणि टेपनं गुंडाळून बाजूला केल्या. आता नागपूरहून कोणी काही सांगितलं तरी या यंत्राला ऐकू येणार नव्हतं. मग सिलिंडरची नळी जोडली, व्हॉल्व्ह उघडला आणि वायरीच्या तुकड्यानं दोन टर्मिनल हातानंच जोडून धरली. यंत्र शून्य शिकू लागलं. दोन मिनिटं दोघी बहिणी पेटीच्या आतल्या छोट्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. आकडा हलला, डगमगला आणि शून्यावर येऊन थांबला.

"ही सिलिंडरची हवा, ताई. हे खरं शून्य. आता तुझ्या खोलीतली हवा सोडते."

तिनं नळी बदलली. पडद्यावर आकडे चढू लागले. वीस, अठ्ठेचाळीस, ऐंशी. एकशे तीनवर ते रेंगाळले.

प्रणिताच्या पिशवीतला टॅबलेट वाजला. सात नंबरवर अनधिकृत हस्तक्षेप झाला आहे, असं दक्षनं कळवलं होतं. त्या पेटीची खबर आता ग्राह्य नाही. तिच्या जागी बाकीच्या दहा पेट्यांची सरासरी वापरली जाईल. चौकातल्या बोर्डावरचा सहा पुसला गेला आणि तिथे पाच उमटला. भोंगा गप्प होता.

ज्योत्स्नानं बोर्ड पाहिला. मग पेटीतला पडदा पाहिला. मग पुन्हा बोर्ड. तिच्या चेहऱ्यावर राग आधी आला, भीती नंतर.

"तूच म्हणली होती ना, माणसाचं ऐकू नको, बोर्ड पाहा? मग आता कोणाचं ऐकू मी?"

प्रणिताला समजवायचं होतं, दिवा, नळी, थंड हवा, सगळं. पण त्याला वेळ लागला असता, आणि आत आर्वी झोपली होती.

"मी चुकले ताई. बोर्ड खोटा आहे. मीच तो खोटा केला."

ज्योत्स्ना वळून आत गेली आणि वर्गात ओरडावं तशी ओरडली, उठा रे सगळे, चला, फिरायला जायचं आहे. पोरं कशीबशी उठली. आर्वी उठली नाही. ज्योत्स्नानं तिला हलवलं, गालावर थापट्या मारल्या, मग खांद्यावर टाकली आणि धावत सुटली. दिवाकरभाऊजींनी कोणाची तरी पिकअप आणली आणि आर्वीला दवाखान्याकडे नेलं. प्रणिता घराघरांतून फिरली. काही घरांनी दारं उघडली, काहींनी बोर्डाकडे बोट दाखवून ती पुन्हा लावली. ज्या घरांनी तिच्या सांगण्यावर दार उघडलं नाही ती ज्योत्स्नाच्या एका हाकेवर बाहेर आली, कारण गाव सोडायचं नाही म्हणून जी सगळ्यात मोठ्यानं भांडली होती तीच आता पारावर चढून चला म्हणत होती. दुपारपर्यंत कोसारीची माणसं हमरस्त्याच्या कडेला, वाऱ्यात बसली होती.

आर्वीनं भद्रावतीच्या दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर तीन तासांनी डोळे उघडले. तिच्या रक्तातला जवळजवळ सातवा हिस्सा त्या वायूनं बळकावला होता. डॉक्टरांचा तो कागद निखाडे मॅडमना त्याच संध्याकाळी मिळाला, आणि समितीची बैठक नऊ दिवसांऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. अकराही पेट्या सिलिंडरनं तपासल्या गेल्या. सगळ्यांत कमी खोटी होती ती बासष्टनं खोटी होती. अंगणवाडीपासून दोनशे पावलांवर, जमिनीखाली, कोळशाचा थर लाल होऊन जळत होता.

गाव सहा दिवसांत रिकामं झालं. माणसांना हमरस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली. सील तोडल्याबद्दल प्रणितावर गुन्हा दाखल झाला, आणि जीव वाचवल्याबद्दल तो थांबवून ठेवला गेला. नोकरीतून तिला निलंबित केलं. या सगळ्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. ज्योत्स्ना मात्र तिच्याशी बोलेना. प्रणिता शेडवर गेली की ती उठून पाणी भरायला जायची. भाऊजी म्हणायचे, थांब थोडी. तिला रिकामं घर दिसतं डोळ्यांपुढे. आणि बायामाणसं तिला विचारतात, बाई, दोन वर्षं आमच्या पोरांना तिथे बसवलं कोणी?

पुढच्याच आठवड्यात निखाडे मॅडमचा फोन आला. त्या इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "तुमच्या मेलवर एक यादी येईल. ती मी पाठवलेली नाही."

यादीत दोनशे चौदा गावं होती. खाणपट्टा, कचऱ्याचे डेपो, रासायनिक वसाहतींच्या कडेच्या वाड्या-वस्त्या. जिथे जिथे दक्षसाठी सिलिंडर बंद करून खांबावरची नळी लावली होती, ती सगळी ठिकाणं. शेवटच्या रकान्यात प्रत्येकासमोर एकच ओळ होती: 'सुधारणा सुचवणारी व्यक्ती: प्र. खिरटकर'. समिती या ठिकाणांचा टप्प्याटप्प्यानं आढावा घेणार होती. टप्पे पाच होते.

त्या दिवसापासून प्रणिता एका जागी बसू शकली नाही. जेवताना ती मनात नावं मोजायची. तिनं भाऊजींच्या ओळखीनं एक जुनी व्हॅन मागून घेतली, नायट्रोजनचे सिलिंडर मिळवले आणि यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. पहिल्या गावात सरपंचानं बोर्डाकडे बोट दाखवलं. हिरवा आहे, तुम्ही कोण? दुसऱ्या गावात तिला पेटीजवळ जाऊ दिलं, पण आकडा पाहून लोक म्हणाले की हिचंच यंत्र बिघडलेलं आहे, नोकरीवरून काढलेली बाई आहे ही. तिसऱ्या गावात पोलीस पाटलानं तिला व्हॅनपर्यंत पोचवलं. तीन गावं फिरून हाती काही लागलं नव्हतं. खरा आकडा तिच्याजवळ होता, पण तो ऐकून दार उघडणारं कोणी नव्हतं.

चौथ्या गावाला निघायचं त्या सकाळी ती शेडजवळ सिलिंडर चढवत होती. ज्योत्स्ना पाण्याची कळशी घेऊन समोरून आली. नेहमीसारखी बाजूनं निघून जाईल म्हणून प्रणितानं मान खाली घातली. पण ज्योत्स्ना थांबली. तिनं कळशी शेडच्या पायरीवर ठेवली, पदराला हात पुसले आणि सिलिंडरचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून तो व्हॅनमध्ये ठेवला.

"पुढचं गाव कोणतं?" तिनं विचारलं. तीन आठवड्यांत प्रणिताशी तिचं हे पहिलं वाक्य होतं.

"धामणी."

"किती पोरं आहेत अंगणवाडीत?"

प्रणिताला माहीत नव्हतं. यादीत पेट्यांचे नंबर होते, पोरांचे नव्हते.

ज्योत्स्ना व्हॅनचा दरवाजा उघडून पुढच्या सीटवर बसली. तिनं मोबाइल काढला आणि कोणाला तरी नंबर विचारू लागली. धामणीच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर. तीन-चार बायांकडून फिरत फिरत तो मिळाला. फोन लागला तेव्हा व्हॅन रस्त्याला लागली होती.

"मी कोसारीची ज्योत्स्ना बोलून राहिली," ती म्हणाली. "हो, तेच कोसारी. एक काम कर बाई, बोर्डाकडे पाहू नको. तुझी पोरं सकाळी पेंगतात का, तेवढं सांग."

पलीकडची बाई काय म्हणाली ते प्रणिताला ऐकू आलं नाही. तिनं फक्त बहिणीचा चेहरा पाहिला, आणि गाडीचा वेग वाढवला.